सिल्लोडचा हिशेब
लोकसंख्या, मतदार यादी आणि शेजारधर्म

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे निकाल लागले. त्या दिवशी आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी होते. पहिला आकडा २,१६१. शहरातल्या औरंगाबाद पूर्व मतदारसंघात एमआयएमचे इम्तियाज जलील भाजपच्या अतुल सावे यांच्याकडून इतक्या मतांनी पराभूत झाले. दुसरा आकडा २,४२०. ग्रामीण भागातल्या सिल्लोड मतदारसंघात शिवसेनेचे अब्दुल सत्तार हे उद्धव ठाकरे गटाच्या सुरेश बनकर यांच्यापेक्षा इतक्या मतांनी पुढे राहिले आणि सलग चौथ्यांदा आमदार झाले.

एकच जिल्हा, एकच दिवस, आणि फरकही जवळजवळ सारखाच. पण शहरात जिथे आपली वस्ती दाट आहे तिथे मुस्लिम उमेदवार पडला, आणि जिथे आपण पाचवा हिस्सा आहोत असे मानले जाते त्या ग्रामीण मतदारसंघात निवडून आला. असे का झाले? आपल्या घरांत निवडणुकीवर पुष्कळ बोलले जाते; पण ते बहुतेक शहराबद्दल, पुढाऱ्यांबद्दल आणि भाषणांबद्दल असते. खेड्यातल्या मतदारसंघाचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. या लेखात तो मांडायचा आहे. कोणाला मत द्यावे किंवा देऊ नये हे सांगण्याचा यात हेतू नाही.

निम्म्याहून अधिक समाज शहराबाहेर

औरंगाबादचा मुसलमान म्हटले की डोळ्यांसमोर शहागंज, बुढीलेन, किराडपुरा येते. जनगणनेचे आकडे मात्र वेगळे चित्र दाखवतात. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२ होती. त्यात मुस्लिमांचे प्रमाण २१.२५ टक्के, म्हणजे सुमारे ७ लाख ८६ हजार. महानगरपालिकेच्या हद्दीत ११,७५,११६ लोक राहत होते आणि त्यात आपले प्रमाण ३०.७९ टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख ६२ हजार.

आता वजाबाकी करा. शहराबाहेर, म्हणजे तालुक्याच्या गावांत, बाजारपेठांत आणि खेड्यापाड्यांत, सव्वाचार लाखांच्या आसपास मुस्लिम राहत होते. शहरापेक्षा जास्त! तिथल्या एकूण लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण मात्र साधारण १७ टक्क्यांवर येते. म्हणजे जिल्ह्यातला बहुसंख्य मुस्लिम समाज अशा ठिकाणी राहतो, जिथे तो एकट्याच्या बळावर काहीच जिंकू शकत नाही. खुलताबाद, कन्नड, पैठण, वैजापूर, गंगापूर, फुलंब्री, सिल्लोड ही आपल्या समाजाची खरी गावे. जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी तीन शहरी, उरलेले सहा ग्रामीण. आपल्या बैठकांतल्या चर्चा मात्र त्या तिघांभोवतीच फिरत राहतात.

सिल्लोडमध्ये कोण राहते

सिल्लोड मतदारसंघ मुख्यतः सिल्लोड आणि सोयगाव या दोन तालुक्यांचा मिळून झाला आहे. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच भागात, सोयगाव तालुक्यात येते. एका बाजूला अजिंठ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पूर्णा आणि खेळणा नद्यांचे खोरे. कापूस, मका आणि मिरची ही इथली पिके. अलीकडे अद्रकही वाढली आहे. सिल्लोड शहर २०११ साली ५८ हजारांच्या आसपास होते. बाकी सगळा पसारा गावांचा.

या गावांत मराठा समाज मोठा आहे. माळी, धनगर, राजपूत, बंजारा, कोळी, बौद्ध, मातंग अशा अनेक समाजांची वस्ती आहे. आपल्यातही शेख, सय्यद, पठाण यांच्या जोडीला बागवान, कुरेशी, पिंजारी, अत्तार, तांबोळी, शाह अशा बिरादऱ्या आहेत. डोंगराच्या कडेला आणि सोयगावच्या बाजूला तडवी भिल्ल समाज राहतो. तो धर्माने मुस्लिम आणि कायद्याने अनुसूचित जमाती. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो, ही गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते.

जनगणना तालुक्याप्रमाणे होते आणि मतदारसंघाची हद्द वेगळी असते. म्हणून वर्तमानपत्रे आणि पक्षांचे कार्यकर्ते इथल्या मुस्लिम मतदारांचा अंदाज साधारण पाचवा हिस्सा असा धरतात. आपण तोच धरून पुढे जाऊ.

चिन्हे बदलली, माणसे तीच

सिल्लोडचा इतिहास थोडक्यात असा. काँग्रेसचे माणिकराव पालोदकर यांचा इथे दीर्घकाळ प्रभाव होता. १९९५ साली भाजपचे किसनराव काळे निवडून आले आणि २००९ पर्यंत जागा भाजपकडे राहिली. २००४ साली भाजपच्या सांडू लोखंडे यांच्यासमोर अब्दुल सत्तार अगदी थोड्या मतांनी हरले. २००९ साली ते काँग्रेसच्या पंजावर जिंकले.

पुढची दोन पाने नीट वाचण्यासारखी आहेत. २०१४ साली काँग्रेसचे सत्तार यांना ९६,०३८ मते पडली आणि भाजपचे सुरेश बनकर यांना ८२,११७. फरक १३,९२१ मतांचा. दहा वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा हीच दोन नावे समोरासमोर आली. या वेळी मात्र सत्तार भाजपच्या सोबतीने महायुतीत होते आणि बनकर काँग्रेसच्या सोबतीने महाविकास आघाडीत. दोघांनी जणू अंगण बदलले होते. सत्तार यांना १,३७,९६० मते मिळाली, बनकर यांना १,३५,५४०.

मधल्या काळात, २०१९ साली, सत्तार काँग्रेस सोडून शिवसेनेत गेले. तेव्हा त्यांनी पालोदकर घराण्यातले अपक्ष उमेदवार प्रभाकर पालोदकर यांना २४,३८१ मतांनी हरवले होते. २०२२ साली शिवसेना फुटली तेव्हा ते एकनाथ शिंदे यांच्या सोबत गेले.

यावर कोणी म्हणेल, हा तर सरळ संधिसाधूपणा आहे. कोणी म्हणेल, सत्तेशिवाय तालुक्याची कामे होत नाहीत. आपल्या घरांतही दोन्ही बोलणी ऐकायला मिळतात, कधी कधी एकाच दस्तरखानावर! त्या वादाचा निकाल इथे लावायचा नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. ग्रामीण मतदारसंघात पक्षाच्या झेंड्यापेक्षा माणूस, त्याचा गोतावळा, तालुक्यातल्या संस्था आणि दारात उभा राहिलेल्या माणसाचे काम यांना वजन असते. बाजार समिती, विविध कार्यकारी सोसायटी, पंचायत समिती, नगरपरिषद या ठिकाणी वर्षानुवर्षे जुळलेली नाती विधानसभेला मतपेटीत उतरतात.

मतदारही काही डोळे मिटून चालत नाही. २०२४च्या मे महिन्यात लोकसभेची निवडणूक झाली. सिल्लोड हा भाग जालना लोकसभा मतदारसंघात येतो. तिथे १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले भाजपचे रावसाहेब दानवे काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून एक लाखाहून अधिक मतांनी हरले, आणि सिल्लोडनेही काळे यांनाच आघाडी दिली. सहा महिन्यांनी त्याच सिल्लोडने महायुतीचा आमदार निवडला, तोही जेमतेम. दिल्लीचा विचार वेगळा, मुंबईचा वेगळा आणि तालुक्याचा वेगळा, असा हिशेब खेड्यातला मतदार स्वतःच करतो.

वर्गातल्या फळ्यावरचे गणित

आता थोडे आकडे फळ्यावर मांडू. सिल्लोडमध्ये सुमारे साडेतीन लाख मतदार आहेत असे धरा. पाचवा हिस्सा म्हणजे सत्तर हजार. शंभरातल्या ऐंशी जणांनी मतदान केले तर छप्पन्न हजार. ही सगळीच्या सगळी मते एकाच उमेदवाराला पडली असे घटकाभर समजू, जे प्रत्यक्षात कधीच घडत नाही. तरी १,३७,९६० मतांपैकी उरलेली जवळजवळ ब्याऐंशी हजार मते कोणी दिली? हिंदू आणि बौद्ध शेजाऱ्यांनी. म्हणजे दर पाच मतांतली तीन.

हेच गणित उलट बाजूनेही मांडता येते. फरक २,४२० मतांचा होता. १,२११ माणसांनी दुसरे बटण दाबले असते तर निकाल फिरला असता. एका मतदान केंद्रावर सरासरी हजार मतदार धरले तर सिल्लोडमध्ये साडेतीनशे केंद्रे होतात. दर केंद्रावरची साडेतीन माणसे! एका केंद्रावर एखाद्या घरातले तिघे-चौघे कुठे गेले, यावर आमदार ठरतो.

या दोन्ही गणितांतून एकच गोष्ट समोर येते. पहिले गणित सांगते की नुसत्या आपल्या संख्येवर गावाकडची जागा कधीच जिंकता येत नाही. दुसरे सांगते की आपल्यातले एकही मत फुकट नसते. आपल्या समाजात या दोन टोकांचे गैरसमज एकाच वेळी नांदतात. कोणी म्हणतो, ‘आपण एक झालो तर कोण हरवेल?’ आणि कोणी म्हणतो, ‘आपल्या एका मताने काय होते?’ सिल्लोडचे आकडे दोघांनाही उत्तर देतात.

कागलकडे पाहा

राज्याचे चित्रही हेच सांगते. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुस्लिम ११.५४ टक्के आहेत. विधानसभेच्या २८८ जागांशी हे प्रमाण लावले तर आकडा तेहतीसच्या आसपास येतो. २०२४ साली मुस्लिम आमदार निवडून आले दहा. त्यांतले आठ शहरी मतदारसंघांतले : मुंबईतील मानखुर्द-शिवाजीनगर, अणुशक्तीनगर, मालाड पश्चिम, मुंबादेवी आणि वर्सोवा, तसेच भिवंडी पूर्व, मालेगाव मध्य आणि अकोला पश्चिम. खेड्यापाड्यांच्या मतदारसंघांतून आलेले फक्त दोघे. एक सिल्लोडचे अब्दुल सत्तार आणि दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील कागलचे हसन मुश्रीफ.

कागल तर याहून बोलके उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यात मुस्लिमांचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आतच आहे. तरीही मुश्रीफ १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वेळा तिथून निवडून आले. साखर कारखाना, जिल्हा बँक, सहकारातले राजकारण, आणि मुंबईच्या रुग्णालयांत गोरगरिबांचे उपचार करून देण्याचे काम यांवर त्यांचे स्थान उभे आहे. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, तिथल्या लोकांनी धर्म विचारून मत दिलेले नाही, हे नाकारता येत नाही. कोकणातले बॅ. अब्दुल रहमान अंतुले श्रीवर्धनसारख्या ग्रामीण मतदारसंघातून निवडून आले आणि १९८० साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, हेही आपल्या मुलांना सांगायला हवे.

पण एक प्रश्न स्वतःलाही विचारू. आपल्या समाजाचा आमदार झाला म्हणजे समाजाचे भले झाले का? तसे असते तर तालुक्यातल्या प्रत्येक उर्दू शाळेत पुरेसे शिक्षक असते आणि दहावीनंतर घरी बसणाऱ्या मुली कॉलेजात दिसल्या असत्या. आमदार शेजाऱ्याच्या समाजाचा असला तरी शाळा, रस्ता, पाणी, पीकविमा आणि दवाखाना यांचा हिशेब त्याच्याकडे मागता आला पाहिजे. नावावरून खूश होणे आणि नावावरून नाराज होणे, दोन्हींनी पदरात काही पडत नाही.

लोकसंख्येची भीती आणि लोकसंख्येची शेखी

निवडणूक जवळ आली की लोकसंख्येचा विषय हमखास निघतो. एका बाजूला, ‘यांची संख्या वाढते आहे, हे उद्या राज्य करतील’ अशी भीती घातली जाते. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही अर्धवट लोक त्याच गोष्टीची शेखी मिरवतात. दोघांनीही आकडे पाहिलेले नसतात.

१९९१ ते २००१ या दशकात देशातल्या मुस्लिम लोकसंख्येची वाढ २९.५ टक्के होती. पुढच्या दशकात ती २४.६ टक्क्यांवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ साली एका मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत. २०१९-२१च्या सर्वेक्षणात हा आकडा २.३६ झाला. त्याच काळात हिंदू स्त्रियांचा आकडा ३.३ वरून १.९४ वर आला. म्हणजे दोन्हीकडे घट झाली, आणि आपल्याकडची घट मोठी आहे. कारण साधे आहे. मुलगी शिकली, लग्नाचे वय वाढले, दवाखाना जवळ आला. आपल्याच घरात आजीला किती भावंडे होती आणि आपल्या मुलांना किती आहेत, हे मोजले तरी पुरे.

आपला जिल्हा २००१ ते २०११ या काळात २७.७६ टक्क्यांनी वाढला, हे खरे. पण त्यात वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमागे आलेली सर्व समाजांची माणसे आहेत. खेड्यांतून शहराकडे जाण्याचा ओघ आपल्यातही आहे. सोयगावचा तरुण वाळूजला कंपनीत लागला, तिथेच खोली घेऊन राहिला, तर गावाकडची मशीद आणि गावाकडचे मतदान केंद्र दोन्ही हळूहळू रिकामे होतात. ग्रामीण भागात खरी चिंता वाढीची नसून या रिकामपणाची आहे.

यादीतले नाव

आम्हा शिक्षकांना मतदार यादीच्या कामासाठी घरोघर फिरावे लागते. उन्हातान्हात हिंडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या मोहल्ल्यात मतदान न करणाऱ्यांपेक्षा, मतदान करायला जाऊन परत येणारे जास्त दुःखी असतात. ‘नाव सापडले नाही’ एवढेच त्यांना सांगितले जाते.

याची कारणे मोठी राजकीय नसतात, घरगुती असतात. मराठवाड्यात आपल्याकडे नाव लिहिण्याची पद्धत अशी : लग्नाआधी ‘शेख सलमा शेख बाबू’, लग्नानंतर ‘शेख सलमा शेख इरफान’. शाळेच्या दाखल्यावर ‘सलमा बेगम’, आधार कार्डावर ‘सलमा बी’, रेशन कार्डावर नुसतेच ‘सलमा’. सय्यदचे ‘सैय्यद’ होते, शेखचे ‘शैख’ होते, आणि संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. मुलीचे नाव माहेरच्या यादीतच राहते. सासरी नवी नोंद कोणी करत नाही, आणि चार वर्षांनी माहेरचे नाव स्थलांतरित म्हणून कमी होते. म्हणजे ती बाई दोन्हीकडून गेली. घरात जितक्या सुना, तितकी मते अशी हरवलेली असू शकतात.

दुसरे कारण कामधंद्याचे. वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा कंपनीत गेलेली माणसे पडताळणीच्या वेळी घरी नसतात. शेजारी सांगतो, ‘ते इथे राहत नाहीत.’ तेवढ्यावर नाव धोक्यात येते.

उपाय अवघड नाहीत. नवीन नावासाठी नमुना ६ भरावा. पत्ता बदलला असेल, नाव किंवा वय चुकले असेल तर नमुना ८. मृत किंवा कायम निघून गेलेल्यांचे नाव कमी करायला नमुना ७. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण असणाऱ्यांची नोंद होत असे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज देता येतो. बारावीत शिकणारी मुलगी घरी असेल तर निकालाची वाट पाहताना हे काम होऊन जाते.

हे आता का सांगायचे? २०२५ साली बिहारमध्ये मतदार यादीची विशेष सखोल तपासणी झाली. त्यात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. अशी तपासणी आपल्याही दारी येणार हे धरून चालावे. त्या वेळी ओरड करण्यापेक्षा आज आपले कागद एकसारखे करून ठेवणे शहाणपणाचे. आई-वडिलांचे नाव जुन्या यादीत कोणत्या गावात, कोणत्या भागात होते, ते शोधून एका वहीत लिहून ठेवा. घरातला एखादा आठवीतला मुलगा हे काम मोबाईलवर तासाभरात करून देईल.

पहिली पायरी ग्रामपंचायतीची

विधानसभेवर आपण रात्र रात्र बोलतो. पण खेड्यातल्या माणसाची खरी सत्ता ग्रामपंचायतीत असते. नळ, गटार, दिवाबत्ती, कब्रस्तानची भिंत, घरकुलाची यादी हे सगळे तिथे ठरते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनल बनतात. पॅनल बनवताना गावातल्या सगळ्या गल्ल्यांची माणसे घ्यावीच लागतात. आजवर जे मुस्लिम सरपंच आणि सदस्य निवडून आले ते याच मार्गाने. महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, म्हणजे आपल्या शिकलेल्या मुली आणि सुना यांच्यासाठी दार उघडेच आहे. घरातून तिला बाहेर पाठवायची तयारी मात्र आपली असायला हवी.

इतर मागासवर्गासाठीही राखीव जागा असतात, आणि मुस्लिमांतल्या अनेक बिरादऱ्या त्या यादीत आहेत. पण अर्जासोबत जात प्रमाणपत्र लागते, आणि तिथेच गाडी अडते. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेतला निर्गम उतारा काढला तर जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसते ‘मुसलमान’ असे लिहिलेले सापडते. बागवान, पिंजारी, अत्तार, तांबोळी ही नोंद हरवलेली असते. मग महसुली कागद, जन्म-मृत्यूची नोंद, चुलत्यांचे दाखले यांतून दुवा जोडावा लागतो. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर आठ दिवसांत होत नाही. गावातल्या दोन शिकलेल्या तरुणांनी फुरसतीच्या महिन्यात तहसीलच्या चार फेऱ्या मारल्या तर अख्ख्या बिरादरीचे काम होते, आणि त्याच कागदावर मुलांची शिष्यवृत्तीही मिळते. तडवी भावंडांनाही याच कारणासाठी जमातीचे प्रमाणपत्र आणि वैधता वेळेवर काढून ठेवायला हवी.

पुढे येणारी मोजणी

आजच्या मतदारसंघांच्या सीमा २००८ साली ठरल्या, त्याही २००१च्या जनगणनेवर. आता २०२७ची जनगणना होऊ घातली आहे, आणि तिच्यात जातीची नोंदही घेतली जाणार आहे. तिचे आकडे हाती आल्यावर आज ना उद्या मतदारसंघांची पुनर्रचना होईल. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचा २०२३चा कायदाही त्यानंतरच लागू व्हायचा आहे. कोणते गाव कोणत्या मतदारसंघात जाईल, कोणती जागा राखीव होईल, हे सगळे त्या मोजणीवरून ठरणार.

म्हणून प्रगणक दारात आला की त्याला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. घरातल्या प्रत्येकाचे नाव सांगा, कामासाठी बाहेर गेलेल्या मुलाची आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाचीही माहिती द्या. शिक्षण, मातृभाषा, बिरादरी खरी सांगा. माहिती सांगायला घरात पुरुष नाही म्हणून दार बंद करू नका. घरातली शिकलेली बाईही सगळे सांगू शकते. पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या वेळी गावाच्या वतीने, सगळ्या समाजांच्या सह्यांनिशी, एक साधा अर्ज लिहिता आला पाहिजे.

शेवटी पुन्हा त्या ब्याऐंशी हजार मतांकडे येऊ. ती एका दिवसात पडलेली नाहीत. कोणाच्या मयतीला कोण गेले, कोणाच्या लेकीच्या लग्नात कोणी पाणी वाटले, दुष्काळात कोणाच्या विहिरीवर कोणाचे बैल प्यायले, यांची ती जमा आहे. पुढारी येतात, पक्ष बदलतात, चिन्हे बदलतात. गाव तिथेच राहते. म्हणून ईदचा शिरखुर्मा शेजारच्या घरी जायलाच हवा आणि त्यांचा दिवाळीचा फराळ आपल्या घरी यायलाच हवा. निवडणुकीसाठी नव्हे, आपल्याला तिथेच राहायचे आहे म्हणून. आणि मत ही अमानत आहे. ती यादीत जपून ठेवणे आणि मतदानाच्या दिवशी विचार करून योग्य माणसाच्या हवाली करणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.